संध्याकाळी शहर जांभळं होतं

भाचा : ...आणि म्हणून मी म्हणतो आत्या, मानवजातीच्या इतिहासात आजवर जे कुणालाही साधलं नाही, ते आज तुझ्या हॉलमध्ये घडतंय. एका अख्ख्या शहराचं अंतःकरण, जसंच्या तसं, भिंतीवर!

आत्या : त्या भिंतीवर नको रे. तिथे ओल आहे.

भाचा : कुठे?

आत्या : तो काय, जांभळा डाग.

भाचा : ती ओल नाही. ती भीती आहे.

शेजारीण : मी आधीच सांगून ठेवते, आमच्या बाथरूममधून काहीही गळत नाही. गेल्या वर्षीच टाइल्स बदलल्यात.

भाचा : मावशी, भीती शहराची आहे. तुमच्या बाथरूमचा काही संबंध नाही.

शेजारीण : मग ठीक. नाहीतर वरच्या मजल्यावर राहणं म्हणजे खालच्यांच्या प्रत्येक डागाला आपण जबाबदार.

आत्या : तू पडदे ओढलेस, माझं डबे काढायचं स्टूल त्या दिव्याखाली घेतलंस, आता सांग तरी काय ते. सकाळची कामं खोळंबलीत.

भाचा : दिवा नाही, प्रोजेक्टर. तुझ्या फोनवर दिलाय तोच नकाशा, फक्त मोठा. हे बघ. लोक दिवसभर सोशल मीडियावर लिहितात. आमचं यंत्र ते वाचतं, त्यातली भावना ओळखतं आणि ज्याने जिथून लिहिलं तिथे त्या रंगाचा एक ठिपका ठेवतं. आनंद पिवळा, दुःख निळं, राग लाल, किळस हिरवी, आश्चर्य केशरी आणि भीती जांभळी. काहीच भावना नसेल तर करडा.

शेजारीण : किळस हिरवी का? माझे सगळे चांगले कपडे हिरवे आहेत.

भाचा : महापालिकेच्या समितीने ठरवलं.

शेजारीण : समितीत बाई नसणार.

भाचा : हे कालचं शहर. ही सकाळ. बघा, बाजारात पिवळं, शाळांजवळ केशरी, कर भरायच्या ऑफिसपाशी लाल. बरोबर आहे की नाही? साहेब लोक हे बघून खूश झाले होते. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळ्या हिरव्या आल्या, तेव्हा तर टाळ्या पडल्या. आता बघा. ऑफिसं सुटली.

शेजारीण : अगंबाई.

भाचा : दिसलं? अर्ध्या तासात सगळं शहर जांभळं. रोज. रस्ते, स्टेशन, वळणं, पार्किंग. आणि रात्रभर ते उतरत नाही.

आत्या : सुरेख दिसतंय.

भाचा : सुरेख? आत्या, महापौरांची झोप उडालीये. संध्याकाळ झाली की लाखभर माणसं भीतीने गारठतात आणि का ते कुणालाच माहीत नाही! मानसशास्त्रज्ञ बोलावले. त्यांनी पेपरात लिहिलं, नागरिकांना घरी जायची भीती वाटते.

शेजारीण : त्याच्यामुळेच! आमच्या ह्यांच्या ऑफिसात सगळ्यांना हॉलमध्ये बसवून विचारलं, घरी जायला कुणाकुणाला भीती वाटते म्हणून. एकाने हात वर केला.

आत्या : कोणी?

शेजारीण : तेच तर. घरी येऊन सांगतात कसे, पंखा लागत नव्हता म्हणून हात वर करून बघत होतो.

भाचा : मग सायंकालीन भय निवारण समिती नेमली. कोपऱ्याकोपऱ्यावर मोठे दिवे बसवले. आणि काल भोंग्याची चाचणी झाली.

आत्या : तो आवाज भोंग्याचा होता होय? मला वाटलं कुणाचं तरी दुकान लिलावात निघालं.

भाचा : ‘नागरिकहो, घाबरू नका.’ असं तीन वेळा. प्रत्येक चौकात.

शेजारीण : आमची धाकटी बसमधून उतरत होती. तोवर चांगली खिदळत होती मैत्रिणीशी. भोंगा वाजला तशी धावत सुटली, ती थेट घरात. चप्पल एक रस्त्यातच. मी म्हटलं काय झालं, तर म्हणते माहीत नाही, पण काहीतरी झालंय. आणि आमच्या सासूबाई! डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून दिसत कमी, पण ऐकू सगळं येतं. आज सकाळी दाराला आतून कडी लावून बसल्यात. कुणाला बाहेर सोडीनात. खाली वहिनींकडे जाते म्हटलं म्हणून मला तेवढं सोडलं. हे मागच्या गॅलरीतून शेजारच्यांच्या गॅलरीत गेले आणि तिथून ऑफिसला.

आत्या : पोचले का?

शेजारीण : पोचले असतील की.

आत्या : कळवलं नाही?

शेजारीण : वहिनी, ते ह्या वयात गॅलरी ओलांडून गेलेत. त्यांना बोलायला तोंड आहे का?

भाचा : मावशी, आत्या, माझं ऐका जरा. आज दुपारी समितीची बैठक आहे. त्यानंतर भोंगा रोज. मला शंका होती म्हणून काल मी यंत्र उघडून बसलो. म्हटलं, ही भीती येते कुठून? एकेक ठिपका दाबून बघितला. आत काय लिहिलेलं असावं?

शेजारीण : काय?

भाचा : ‘निघालो.’ ‘पोचतेच दहा मिनिटांत.’ ‘सिग्नलला आहे.’ ‘लिफ्टमध्ये आहे.’ बस. एवढंच! घरी निघालेल्या माणसाचं ‘निघालो’ म्हणजे यंत्राच्या लेखी भीती. म्हटलं, यंत्राला हे शिकवलं कोणी?

आत्या : कोणी?

भाचा : आत्या, तू.

शेजारीण : बघा! आणि आळ माझ्या बाथरूमवर.

भाचा : यंत्राला आधी माणसांनी शिकवावं लागतं. म्हणून तुम्हाला फोन दिले होते. पोस्ट समोर येणार, खाली सात बटणं, जी भावना वाटेल ते दाबायचं. आत्या, काका गेल्यावर तू नुसती खिडकीत बसून असायचीस, म्हणून मी म्हटलं...

आत्या : तूच म्हणालास, बसून राहू नकोस, काहीतरी कर. मी केलं. मन लावून केलं. कुत्र्यामांजरांना आनंद दिला. लग्नाच्या वाढदिवसांना आश्चर्य दिलं.

भाचा : ते सगळं बरोबर आहे! म्हणून तर कुणाला संशय आला नाही. पण एकट्या माणसाची चूक होऊ नये म्हणून मी प्रत्येक पोस्ट तिघांना दिली होती. तू, मावशी आणि मावशींच्या सासूबाई. दोन घरं, तीन वेगवेगळे फोन. आणि मी अहवालात लिहिलं, तिन्ही परीक्षकांचं शंभर टक्के एकमत, जगात इतरत्र असं आढळत नाही!

शेजारीण : आढळणार कसं? आमच्यासारखं बसतं कोण इतकं?

भाचा : बसतं म्हणजे?

शेजारीण : अरे, एकटीला घरात करमतं का? मी खाली येऊन वहिनींच्या शेजारी बसायचे. त्या दाबायच्या, मी विचारायचे, ह्याला काय दाबलंत? मग मी पण तेच.

भाचा : म्हणजे कॉपी.

शेजारीण : कॉपी कसली? विचारविनिमय.

भाचा : आणि सासूबाई?

शेजारीण : त्यांना दिसत नाही म्हटलं ना. त्यांचं मीच दाबायचे. पण त्यांना विचारून! ‘आई, वहिनी म्हणतात भीती, चालेल ना?’ तर म्हणायच्या, चालेल.

भाचा : संपलं. म्हणजे ह्या भिंतीवर जे दिसतंय ते शहराचं अंतःकरण नाहीच.

आत्या : मी मगाशीच म्हटलं, त्या भिंतीवर नको.

भाचा : आत्या, चिडत नाहीये मी. उपाय सोपा आहे. त्या पोस्ट परत बघायच्या आणि जांभळ्याऐवजी करडं बटण दाबायचं, ‘काही नाही’ म्हणून. सगळ्या नाही, थोड्या दाबल्या तरी यंत्र पुढचं आपलं आपण शिकतं. मी स्वतः केलं असतं, पण कराराची अट आहे. ज्याने शिक्का मारला त्यानेच तो बदलायचा, नाहीतर फेरफार धरतात. हा घे फोन.

आत्या : नको.

भाचा : अगं, तासाभराचं काम.

आत्या : तासाचं म्हणून नको म्हणत नाही. मी प्रत्येक पोस्ट नीट वाचली होती. माणूस लिहितो, ‘निघालो.’ म्हणजे तो तिथेही नाही आणि इथेही नाही. आणि तू म्हणतोस, त्यात काही नाही.

भाचा : त्याला काही वाटत नाही गं!

आत्या : त्याला नसेल वाटत.

शेजारीण : वहिनी, फोन घ्या. माझ्यासाठी घ्या. सासूबाई कडी काढीनात.

आत्या : आणि रात्रभर ते जांभळं का राहतं, ते नाही विचारलंस.

भाचा : ते माहितीये. त्याच माणसाने पुन्हा काही लिहिलं की ठिपका बदलतो. नाही लिहिलं तर पहिला रंग तसाच राहतो.

आत्या : ‘पोचलो’ असं लिहिलेल्या सगळ्यांना मी पिवळं दिलं होतं. एकूण एक. पण पोचल्यावर कोण लिहितं? पोचल्यावर माणूस बूट काढतो. मी तो नकाशा रोज बघते रे, तू फोनवर दिलास तो. वाटतं, आत्ता होईल पिवळा, आत्ता होईल. ह्या गल्लीतला झाला. पलीकडचा झाला. बाकीचे होतच नाहीत. मग मी झोपत नाही.

भाचा : कधीपासून?

आत्या : तू दिलास तेव्हापासून.

शेजारीण : वहिनी, मला बोलायचं तरी. मी आले असते बसायला.

आत्या : तू आलीस की तुझा नवरा लिहितो, ‘ही कुठे आहे?’ तो आणखी एक जांभळा.

भाचा : बरं. आपण दुसरं काहीतरी बघू. हे बघ, सगळंच जांभळं नाहीये. नदीपलीकडे, हे सरकारी हॉस्पिटल. सगळीकडे निळं आणि जांभळं, आणि त्याच्या मधोमध हा एक पिवळा. कधीच विझत नाही. महिन्यामागून महिने. महापौर तर इतके भारावले की हॉस्पिटलला प्रशस्तिपत्र देणार आहेत, दुःखातही आनंद जपणारी संस्था म्हणून. मी म्हटलं, एवढं आनंदाचं काय घडलंय तिथे, ते...

आत्या : तो नको उघडूस.

भाचा : का? हा बघ, दाबला. ‘कोपऱ्यावर आलोय. चहा टाक.’ हॉस्पिटलमध्ये बसून कोण असं...

(भिंतीवर ते अक्षर मोठं होऊन थांबतं.)

भाचा : आत्या, हे काकांचं आहे.

आत्या : ह्यांना खाजगी आणि जाहीर ह्यातला फरक कधी कळला नाही. मला निरोप द्यायचा असला की सगळ्या वस्तीच्या पानावर लिहायचे. ‘माझा बनियन कुठे ठेवलास?’ तिघेजण उत्तर द्यायचे.

शेजारीण : एकदा मीच सांगितलं होतं, दोरीवर आहे म्हणून.

भाचा : पण काका तर बसमध्ये...

आत्या : बसमध्येच. पुलावर. कोपऱ्यावर नव्हते काही. घरी पाऊल टाकताक्षणी चहा तयार हवा, म्हणून पुलावर असतानाच ठोकून द्यायचे, कोपऱ्यावर आलोय. पण पुलावर नेटवर्क जातं. निरोप अडकला. आणि तिथेच त्यांना ते काय व्हायचं ते झालं. ड्रायव्हरने माणसांसकट अख्खी बस हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभी केली. भला माणूस. उपयोग नव्हता.

भाचा : मला एवढंच माहीत होतं.

आत्या : हॉस्पिटलमधून एका बाईंचा फोन आला. नीट बोलल्या. घाई केली नाही, घरात कोणी आहे का विचारलं. मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. आणि तेवढ्यात टिंग वाजलं.

भाचा : हे?

आत्या : त्यांच्या खिशातल्या फोनला तिथे नेटवर्क सापडलं असणार. ‘कोपऱ्यावर आलोय. चहा टाक.’

भाचा : आत्या...

आत्या : मी उठले आणि चहा टाकला.

शेजारीण : दार सताड उघडं होतं. मला खालून कळलं होतं, मी धावत उतरले. बघते तर वहिनी ओट्यापाशी उभ्या, आणि गुणगुणतायत.

आत्या : तुला खोटं कशाला सांगू? पाणी उकळेपर्यंत मी इतकी खुशीत होते. मनात म्हटलं, बघा, ह्या हॉस्पिटलवाल्यांना काही कळत नाही. कुणाच्या तरी घरचा फोन माझ्याकडे लावला. आता हे आले की सांगेन, अहो, तुम्ही गेलात म्हणून फोन आला होता. मग हे हसतील, आणि चहा सांडतील.

शेजारीण : दोन कप भरून ठेवले होते. मी एक उचलला आणि प्यायले.

आत्या : कमी साखरेचा.

शेजारीण : हो. आजतागायत मी तुम्हाला बोलले नाही, पण मला वाटलं, तो कप तसाच राहिला तर तुम्ही त्याच्यासमोर बसूनच राहाल.

आत्या : बसलेच असते. चांगलं केलंस.

भाचा : म्हणून हा एकच पिवळा.

आत्या : बटणं दाबता दाबता एक दिवस हीच समोर आली. तू म्हणाला होतास, वाचताना वाटेल तेच बटण दाबायचं, विचार करायचा नाही. मी नाही विचार केला.

भाचा : आणि त्या खात्यावरून पुढे काहीच आलं नाही. म्हणून तो रंग बदलत नाही.

आत्या : मग बाकीच्यांना मी काय द्यायचं, सांग. ह्यांनीही तेच लिहिलं होतं. त्याच चालीत. त्यांनाही काही वाटलं नव्हतं.

भाचा : मी नाही देत तुला फोन. दुपारी जाऊन सांगतो, नकाशा चुकलाय, काढून टाका.

शेजारीण : आणि भोंगा?

भाचा : भोंगा ते काढणार नाहीत. समिती नेमलीये ना. नकाशा गेला तरी समिती राहते.

शेजारीण : म्हणजे आमची धाकटी रोज पळत येणार.

आत्या : चप्पल सापडली का तिची?

शेजारीण : कुठली! आज ती जायलाच तयार नाही. उशीत तोंड खुपसून पडलीये. कॉलेजात जाणारी मुलगी, आणि म्हणते, आई, मी निघाले आणि काही झालं तर?

आत्या : ती असं म्हणाली?

शेजारीण : ह्याच शब्दांत.

आत्या : अरे देवा. हे तर माझं वाक्य आहे. ती एवढीशी पोरगी माझं वाक्य बोलायला लागली.

भाचा : तुझा काही दोष नाही, आत्या.

आत्या : दोषाचं कोण बोलतंय? माझ्या घरातलं भूत तू गावभर कामाला लावलंस, आणि वर त्याला दिवे आणि भोंगे दिलेस. आण तो फोन. चष्मा नको, अक्षर मोठं कर. पण एक सांगते, पोचल्याचं दाखवल्याशिवाय मी करडं दाबणार नाही.

भाचा : पोचल्याचं कसं दाखवू? लोकांनी लिहिलेलंच नाही.

आत्या : ‘पोचलो’ नसेल लिहिलं. दुसरं काहीतरी लिहिलं असेल की, नंतर कधी. ते काढ.

भाचा : थांब... हो, निघेल. हा पहिला. ‘निघालो.’ त्याच माणसाची पुढची पोस्ट, दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘नवे बूट चावतात, उपाय सांगा.’

आत्या : बूट काढून बघितले म्हणजे घरी पोचला. काही नाही. पुढे.

भाचा : ‘पोचतेच दहा मिनिटांत.’ पुढची, ‘कोणीतरी माझी छत्री नेली आहे, आणि कोणी ते मला माहीत आहे.’

शेजारीण : ही तिसऱ्या मजल्यावरची असणार.

आत्या : पोचली. भांडायची ताकद आहे. काही नाही. पुढे.

भाचा : ‘सिग्नलला आहे.’ पुढची, एका बाळाचा फोटो.

आत्या : कुणाचं?

भाचा : त्याचंच. नुकतं झालंय.

आत्या : सिग्नलवरून थेट तिकडेच गेला असेल. काही ना... नाही, हे काही नाही कसं? पिवळं दाबते.

भाचा : दाब.

शेजारीण : वहिनी, मी पण दाबू का?

आत्या : दाब. पण ह्या वेळी मला विचारू नकोस.

भाचा : ‘लिफ्टमध्ये आहे.’ ह्याचं... ह्याच्या पुढे काही नाही.

आत्या : काहीच नाही?

भाचा : खातं बंद केलं असेल. लोक करतात. फोन बदलला असेल.

आत्या : असेल. तो जांभळा राहू दे.

भाचा : राहू दे. पुढचा. ‘वळणावर आलो, गेट उघड.’ नंतर लिहिलंय, ‘आमच्या गेटला तेल कुठलं वापरावं?’

आत्या : काही नाही.

भाचा : ‘उशीर होतोय, जेवून घ्या.’ नंतर, ‘कालची भाजी आज जास्त चांगली लागते.’

आत्या : काही नाही. बघ, घरचे जेवले नव्हते, थांबले होते. काही नाही. पुढे चल.

भाचा : भिंतीकडे बघ, आत्या. स्टेशनचा रस्ता करडा व्हायला लागला.

आत्या : करडा काही सुरेख दिसत नाही.

भाचा : नाही दिसत.

आत्या : असू दे. लोकांना झोप लागेल.

भाचा : काकांचं काय करायचं? समितीत कुणी विचारलं तर मला सांगावं लागेल की तो शिक्का चुकीचा आहे.

आत्या : तुझी अट काय म्हणते?

भाचा : ज्याने मारला त्यानेच बदलायचा.

आत्या : मग मी नाही बदलत.

भाचा : हॉस्पिटलला फुकटचं प्रशस्तिपत्र मिळेल.

आत्या : मिळू दे. त्या बाई नीट बोलल्या होत्या.

शेजारीण : मी वर जाऊन सासूबाईंना सांगते, सगळे पोचले म्हणून. कडी काढतील.

आत्या : आणि धाकटीला खाली पाठव. ती काही लिहितही नाही, नुसता भोंगा ऐकून घाबरली. तिला म्हणावं, कॉलेजला जा, मी काही खिडकीत बसणार नाहीये.

भाचा : बैठकीची वेळ झाली. प्रोजेक्टर इथेच ठेवतो, संध्याकाळी नेईन. आत्या... निघतो मी.

शेजारीण : अरे, हळू! काय बोललास?

आत्या : निघतो म्हणाला. ऐकलं मी.

भाचा : पोचलो की फोन करू?

आत्या : नको. कामात असशील. जा. आणि येताना भांड्यांचा साबण आण. लिंबाचा नको, हात झोंबतात.